बटलरमामांच्या सुऱ्या

काल माझ्या सुनेनं सुरीच्या टोकानं तुपाच्या डब्याचं झाकण उघडलं. झाकण निघालं, टोक वाकलं, आणि तिनं ती सुरी तशीच मोरीत खरकट्या ताटांखाली टाकली. मला कुणाला बोलायची सवयच नाही. पण कानात एकदम आवाज आला, "तोंड पुस गो तिचं आधी!" आणि मला असा वैताग आला की विचारू नका. सुनेचा नाही, बटलरमामांचा. माणूस पँट्री सोडून गेला, महाड सोडून गेला, तरी माझ्या मोरीपाशी उभा आहेच.

आज दुपारी घरात कुणी नाही. एकदा लिहून काढते, म्हणजे तरी डोक्यातून जातील.

बटलर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मुंबईला कुठल्याशा मोठ्या क्लबात साहेबलोकांच्या टेबलावर काटे-चमचे मांडण्यात त्यांचा उभा जन्म गेला. तिथून सुटल्यावर ते आमच्याकडे आले. आमच्याकडे म्हणजे महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं गेस्ट हाऊस आहे, तिथं. मी भांडी घासायला आणि वरकामाला. गणपत आचारी स्वयंपाकाला. मुंबई-पुण्याहून साहेब यायचे, कधी परदेशातूनही यायचे, राहायचे, जेवायचे. त्यांच्यासाठी कुणा जुन्या मोठ्या साहेबानं हौसेनं चांदीचा मुलामा दिलेले काटे-चमचे आणि परदेशी पोलादाच्या सुऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. मामा यायच्या आधी ते सगळं गणपतच्या ड्रॉवरमध्ये लाटणी, झारे, बाटल्या उघडायची ओपनरं यांच्यात पडलेलं असायचं. मामांनी पहिल्या दिवशी तो ड्रॉवर उघडला आणि तिथंच स्टुलावर बसले.

"पाणी दे गो," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. पाणी दिलं तर प्यायले नाहीत. एक काळा पडलेला चमचा त्यात बुचकळून पुसायला लागले. संध्याकाळी मी घरी निघाले तरी पुसतच होते.

उंच, काटकुळे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, आणि अंगाला कायम कापराचा वास. डाव्या खांद्यावर एक फडकं, उजव्या खांद्यावर एक, कमरेला एक. त्याला ते डस्टर म्हणत. डावं काचेचं, उजवं चांदीचं, कमरेचं सुऱ्यांचं. एकदा मी घाईत डाव्या खांद्यावरच्या फडक्यानं चमचा पुसला, तर त्यांनी तो चमचा परत धुतला, फडकं परत धुतलं आणि मला हात धुवायला लावले. जेवणाची वेळ झालेली, टेबलावर साहेब ताटकळलेले, आणि आम्ही दोघं मोरीपाशी हात धुतोय.

मोठ्या सुरीला ते थोरली म्हणत, लहानीला धाकटी, पाव कापायच्या दातेरी सुरीला बोचरी. "थोरली कुठं हाय?" असं एकदा त्यांनी जेवणघराच्या दारातून विचारलं, तेव्हा पुण्याचे एक साहेब अदबीनं म्हणाले, "मामा, तुमच्या मुलीपण इथंच असतात का?"

"त्या बऱ्या मुलींपेक्षा," मामा म्हणाले. "कुठं ठेवल्या तिथं ऱ्हातात. पण कुणाच्या हातात द्यायची सोय नाय."

खरंतर त्यांना मुलगी नव्हती. बायको मुंबईतच वारली होती. मुलगा मुंबईला गाडी चालवायचा आणि सून नातवंडांना घेऊन गावी असायची. गाव पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या रस्त्याला. मामा महिन्यातून एकदा घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं परत यायचे. गेस्ट हाऊसचे मॅनेजरसाहेब म्हणायचे, "मामा, आता वय झालं, घरी आराम करा." हे वाक्य कानावर आलं की मामांचा चेहराच उतरायचा.

"घरी बसलो तर गंजेन मी," ते मला म्हणायचे. "मला हितनं उचलायचा तो आडवाच उचला."

त्यांना बाकी काही नको होतं. पँट्री, म्हणजे स्वयंपाकघरालगतची ती काट्या-चमच्यांची खोली, तेवढी सुटायला नको होती. आणि त्यापायी बाकीच्या सगळ्यांना त्या पँट्रीत जीव नको व्हायचा.

नियम किती म्हणून सांगू? सुरी भांड्यांबरोबर पाण्यात टाकायची नाही. वापरली की लगेच धुवायची, लगेच पुसायची, पुसताना धार आपल्यापासून लांब. कोकम, चिंच, लिंबू लागलं तर हातातलं काम टाकून पुसायची. "खाते ते पोलादाला," म्हणायचे. ग्रॅनाईटच्या ओट्यावर कापायचं नाही, स्टीलच्या ताटात कापायचं नाही, फक्त लाकडी फळीवर. सुरी हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. काट्याच्या दातांमधून फडक्याची कड ओढून काढायची. चांदीच्या चमच्यांना घासणी लावायची नाही, राख लावायची नाही, चिंच लावायची नाही. मी म्हटलं, "मग लावू काय, मामा?"

"अक्कल," ते म्हणाले.

अंड्यानं चांदी काळी पडते, म्हणून अंडं खाणाऱ्या माणसावर त्यांचा राग. सकाळी नाश्त्याला साहेबलोक हाफफ्राय मागायचे आणि चांदीच्या काट्यानं खायचे. मामा दारात उभे राहून बघायचे. चेहरा असा, की जणू त्यांच्याच अंगाला कुणी काटा टोचतोय. मागं वळून मला हळूच म्हणायचे, "भिकार खातो बघ. हातानं खायाला काय झालं याला?"

पावसाळ्यात तर विचारायची सोय नाही. आमच्याकडे त्या दिवसांत भिंतीवर हात ठेवला तरी ओला होतो, खुंटीवरच्या कपड्यांना बुरा धरतो. मामा प्रत्येक सुरीला खोबरेल तेलाचं बोट पुसायचे, मलमलच्या कापडात गुंडाळायचे, ड्रॉवरमध्ये कापूर ठेवायचे आणि खडू ठेवायचे. खडू ओल ओढून घेतो म्हणे. ते खडू आणायचे कुणी? मी. आमच्या वाडीतल्या शाळेत गेले. ज्या शाळेत चौथीनंतर माझं नाव निघालं, त्याच शाळेत एवढ्या वर्षांनी जाऊन मान खाली घालून उभी राहिले. गुरुजींना वाटलं, मला पुढं शिकायचंय. त्यांना इतका आनंद झाला की कपाटातून पाटीसुद्धा काढायला लागले.

"नाही गुरुजी," मी म्हटलं, "चमच्यांसाठी हवेत."

त्यांनी खडू दिले, पण त्यानंतर रस्त्यात भेटले की माझ्याकडे जरा काळजीनंच बघायचे.

आता खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी घरोघर कोयते, नांगर, विळ्या, जे काही अवजार असेल ते पुजतात आणि पुजलेलं अवजार त्या दिवशी वापरत नाहीत. गेस्ट हाऊसमध्ये आधी कुणी हे करत नसे, कारण जेवणं थांबत नाहीत. मामांनी सुरू केलं. सकाळी मी गेले तर पँट्रीच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर सगळ्या सुऱ्या ओळीनं, झेंडूची फुलं, उदबत्ती. कुंकू मात्र सुऱ्यांना नव्हतं. सुऱ्यांखालच्या कागदावर एकेक टिकली लावली होती.

गणपत म्हणाला, "मामा, कुंकू कागदाला? पूजा कागदाची हाय का?"

"कुंकवाचा डाग पडतो पोलादाला."

"मग देवाला पोचायचं कसं?"

"देवाला कळतं. तुला नाय कळत."

एवढ्यावर भागलं असतं. पण दुपारी कारखान्यात पाहणीसाठी आलेले साहेब जेवायला येणार होते, आणि मामा दारात आडवे उभे. आज सुरीला हात लावायचा नाही. गणपतनं विळी शोधली तर विळीपण चादरीवर, फूल वाहून. खिसणी? तीही. गणपतनं कपाळावर हात मारला.

"दातांनी चावून टाकू का भाजी?" तो ओरडला.

शेवटी मी बसले. फरसबी बोटांनी मोडली, फ्लॉवरचे तुरे हातानं सोडवले, बटाटे उकडून कुस्करले, पालक फाडला, काकडी बत्त्यानं ठेचून कोशिंबीर केली. कांद्यावर बुक्की मारून मारून माझा तळहात लाल झाला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मामा चादरीशेजारी खुर्ची टाकून पुजाऱ्यासारखे बसलेले. साहेबलोकांना तो बुक्कीचा कांदा इतका आवडला की त्यांनी परत मागवला. मामा आत येऊन म्हणाले, "बघ, कांदा सुरीनं कापायाचाच नाय खरा." म्हणजे माझा तळहात सुजला आणि शिकवण परत मलाच.

पण गणपतचं आणि त्यांचं खरं बिनसलं ते फणसावरून. ड्रायव्हरनं पोलादपूरहून एक मोठा फणस आणला होता. मामा त्या दिवशी गावी गेलेले, आणि ड्रॉवरची किल्ली घाईत माझ्या गळ्यात बांधून गेलेले. गणपतनं माझ्याकडून किल्ली घेतली. घेतली म्हणजे काय, हात पुढे केला आणि मी दिली. नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही. त्यानं थोरलीनंच फणस फोडला, आणि हाताला, सुरीला तेल लावायचं विसरला. चीक असा चिकटला की सुरी हातात राहीना की हातातून सुटेना. मग त्यानं काय करावं? गावाकडे कोयतीचा चीक जाळावर धरून काढतात, तसं त्यानं थोरलीला गॅसच्या ज्योतीवर धरलं. चीक जळाला. सुरीचं पातं निळं-जांभळं झालं.

मामा दुसऱ्या दिवशी आले, ड्रॉवर उघडला, थोरलीला खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "पाणी उतरवलं हिचं." आगीनं धारेची ताकद जाते, ती काही परत येत नाही, असं मला त्यांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र थोरलीला परत गुंडाळून ठेवलं. जेवले नाहीत. आणि त्या दिवसापासून गणपतशी बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे माझ्या डोक्याला ताप. स्वयंपाकघर ते केवढं, आणि दोघं त्यात समोरासमोर उभे.

"त्याला सांग, टोमॅटो कापायचा तो धाकटीनं, दाबून नाय, ओढून."

मी गणपतकडे वळायची. त्यानं ऐकलेलंच असायचं. तो म्हणायचा, "त्यांना सांग, मी आचारी हाय, न्हावी नाय."

मी मामांकडे वळायची.

"त्याला सांग, न्हाव्याला तरी धार कळते."

मला चारचौघांत दोन शब्द बोलायचे तर घाम फुटतो, आणि इथं मी दिवसभर दोन पुरुषांची भांडणं पोचवत होते. घरी गेले की तोंड दुखायचं. नवरा म्हणायचा, "आज काय झालं बोलायला? आणि तिकडं परदेशी सुऱ्यांना तेल लावतेस, हितं आपल्या विळीनं केळंसुद्धा कापत नाय." तेही खरंच होतं.

मग एकदा मला त्यांच्या कमरेच्या फडक्यावर लाल ठिपके दिसले.

"मामा, हे काय?"

"कोकम."

त्या दिवशी कोकम नव्हतं. मी लक्ष ठेवायला लागले. धार लागली का नाही हे मामा अंगठ्यानं बघायचे, पात्यावरून आडवा हलकेच फिरवून. ते बघताना अंगठा कापायचा, रक्त यायचं, आणि त्यांना पत्ता नसायचा. फडकं लाल झालं की कळायचं. त्यांना साखरेचा आजार होता. बोटांतली जाणीव गेली होती.

मी दाखवलं तेव्हा त्यांनी हात पाठीमागं लपवला.

"साहेबाला बोललीस तर बघ."

कारखाना रसायनांचा. तिथं जागोजागी सुरक्षेचे फलक लावलेले. हाताला जखम असलेला माणूस गेस्ट हाऊसच्या जेवणाजवळसुद्धा चालायचा नाही. बोटांना जाणीव नाही, हे मॅनेजरसाहेबांना कळलं असतं तर मामा त्याच दिवशी घरी गेले असते. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"मामा, पण तुम्ही सुऱ्यांना हात लावू नका. कुणीतरी दुसरं..."

"कोण दुसरं? तो गॅसवाला?"

मग उरलं कोण? रोज सकाळी गणपत यायच्या आधी मी जायला लागले. धारेचा दगड पाण्यात बुडवायचा, बुडबुडे यायचे थांबले की काढायचा, ओल्या फडक्यावर ठेवायचा. सुरी जराशी कलती धरायची आणि दगडावरून अशी न्यायची की जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढतोय. एक बाजू, मग दुसरी. हात माझे, तोंड त्यांचं.

"उभी केलीस परत. झोपव जरा. जास्त झोपवलीस. दगड हाय, पोळपाट नाय. मनगट बांध. मनगट, मनगट! खांदा कुणी सांगितला?"

मग वर्तमानपत्राचा कागद धरायचा आणि त्यात सुरी सोडायची. कागद सरळ कापला तर ठीक. अडकला की परत. खरंतर सरळ कापला तरी परत. मी त्यांच्याकडे बघायची. ते म्हणायचे, "अजून." हा एकच शब्द. इतक्या सकाळी घरची भाकरी टाकून, डोंगरासारखी धुणी ठेवून मी यायची, माझी बोटं काळी, पाठ मोडलेली, आणि या माणसाच्या तोंडून कधी "बरं झालं" निघालं नाही. एकदा मी रागानं सुरी खाली ठेवली. माझ्या आयुष्यात मी कधी कुणाच्या तोंडावर राग काढला नव्हता.

"मामा, मी नाही करणार उद्यापासून."

त्यांनी ती सुरी उचलून पुसली. मग म्हणाले, "नको करू. जातो मी घरी."

दुसऱ्या दिवशी मी गेलेच. न जाऊन सांगते कुणाला?

टेबलावर सुऱ्या चमकायच्या आणि साहेबलोक म्हणायचे, "वा, बटलरमामा!" मामा छाती फुगवून मान झुकवायचे. मला त्याचं काही नव्हतं, मला कुणी वा म्हटलं असतं तर मी पळूनच गेले असते. पण त्यांनी निदान माझ्याकडे एकदा बघावं ना! तेही नाही. वर आत येऊन म्हणायचे, "तिसऱ्या खुर्चीसमोरचा काटा वाकडा मांडलास."

आणि हा सगळा आटापिटा त्यांनी स्वतःच मातीत घातला. जेवण झालं की पाहुण्यांसमोर सफरचंद सोलून द्यायचं, ही त्यांची क्लबातली हौस. धाकटी घ्यायची, सफरचंद हातातल्या हातात फिरवायचं, आणि साल न तुटता एक लांब फीत खाली सोडायची. मी हात जोडून सांगितलं होतं, मामा, सफरचंद नको. सोललेलं फळ मी आतून पाठवते. ते म्हणाले, "मग मी हितं काय, ताटं मोजायला?"

मुंबईहून एक बाई आल्या होत्या, मोठ्या पदावरच्या. मामांनी सफरचंद सोललं. साल लांब उतरली. बाई टाळी वाजवणार तेवढ्यात थांबल्या.

"अहो मामा, तुमचा हात!"

मी दारात होते. बशीत सफरचंदाच्या फोडी आणि त्यांच्यावर लाल ओघळ. मामांनी आपल्या हाताकडे बघितलं. असं बघितलं की तो हात जणू कुणी दुसऱ्यानं तिथं आणून ठेवलाय. मग ते बाईंना म्हणाले, "माफ करा, बशी बदलतो." बशी बदलायला आत आले आणि मोरीपाशी उभे राहिले. रक्त थांबत नव्हतं, आणि त्यांचं लक्ष हाताकडे नव्हतंच. एका हातानं ते धाकटी पुसत होते.

मॅनेजरसाहेब वाईट नव्हते. त्यांनी स्वतः पट्टी बांधली, डॉक्टरकडे नेलं. दोन-चार दिवसांनी ऑफिसात बोलावून सांगितलं की आता बास. मामा पँट्रीत आले. ड्रॉवर उघडला, एकेक सुरी बाहेर काढली, पुसली, परत ठेवली. किल्ली खाली टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "उचल."

निरोपाचा चहा झाला. शाल, नारळ, फुलं, आणि मखमली खोक्यात काट्या-चमच्यांचा नवा सेट. साहेबांनीच आवडीनं निवडलेला. मामांनी चारचौघांत खोकं उघडलं, एक चमचा उचलून त्याची कड ओठाला लावून बघितली आणि म्हणाले, "कड घासलेली नाय साहेब. ओठ कापंल पोराबाळांचा." साहेबांचा चेहरा पडला. गणपतनं माझ्याकडे बघितलं. मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. निरोप घेतोय हा माणूस का तपासणी करतोय?

पुढं उन्हाळ्यात माझी पोलादपूरला एका लग्नाला जायची वेळ आली, तेव्हा मी मिनीडोरनं त्यांच्या गावी गेले. ती भाड्याची तीनचाकी वरच्या गावापर्यंत जाते आणि माणसं भरली की परत फिरते. घर रस्त्यालाच होतं. मामा पडवीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट नव्हता, बनियन होतं. खांद्यावर फडकं नव्हतं.

"आलीस? बस," म्हणाले.

त्यांची सून रेश्मा पाणी घेऊन आली आणि मी आत गेल्यावर मला हळूच म्हणाली, "बोलतच नायत गो ताई. दिलं तर जेवतात, बस म्हटलं तर बसतात. मी सुऱ्या-विळ्या माळ्यावर टाकल्यात, हात कापून घेतील म्हणून. त्याबद्दलपण काय बोलले नायत. आधी कसे वसावसा अंगावर यायचे! त्यो तरास बरा होता."

मी बाहेर येऊन बसले. कारखान्याचं सांगितलं, गणपतचं सांगितलं. ते हं म्हणायचे. थोरली, धाकटीचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी. मी मनात म्हटलं, झालं. हा माणूस गंजला.

रेश्मानं आंबे आणले. कापायला माळ्यावरची सुरी काढून दिली, माझ्याकडे, त्यांच्या हाताला लागणार नाही अशी लांबून. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी आंबा चुकीचाच धरला. वरून दाबली सुरी, थेट कोयीवर. कुरकुर आवाज आला. मामांनी बघितलं. गप्प. मी सुरी कोयीवर करवतीसारखी मागंपुढं ओढायला लागले. रस मांडीवर, साडीवर. मामा बघतायत, ओठ हललेले दिसले, पण गप्प. मला रडू यायला लागलं. मी दुसरा आंबा घेतला आणि सुरी मुठीत धरून, बैल हाकायची काठी धरावी तशी धरून, त्याच्यात खुपसली.

"अगो!" मामा खुर्चीतून उठले. "आंबा हाय तो का डुक्कर? ठेव! ठेव खाली! एवढं शिकवलं ते मातीत घातलंस? कोय कुठनं जाते ती बग आधी. चपटी बाजू बग. बाजूनं उतर, कोयीला घासून, दाबायाचं नाय, ओढायाचं! आणि ही सुरी काय हाय का? रेश्मा, ही धार हाय? माळ्यावर काय लोणचं घालतेस सुऱ्यांचं? दगड हाय का घरात?"

रेश्मा दारात उभी. एकदा माझ्याकडे बघते, एकदा त्यांच्याकडे.

मग ते थांबलेच नाहीत. माझं सगळं काढलं. काट्याच्या दातांपासून खंडेनवमीच्या काकडीपर्यंत. मला आंबा परत कापायला लावला, मग आणखी एक. घरातले सगळे आंबे संपले. बाहेर मिनीडोरवाला हॉर्न मारत होता, माणसं ओरडत होती, आणि हे म्हणत होते, "अजून." मी मुद्दाम केलं होतं, हे त्या माणसाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. अजूनही आलेलं नसेल. एवढा जीव तोडून मी शिकले, आणि त्यांच्या लेखी मी आंबासुद्धा कापता न येणारी बाई राहिले ती राहिलेच. याचा मला अजून राग येतो.

मी पळत जाऊन गाडीत बसले. मामा माझ्या मागं रस्त्यापर्यंत आले, बनियनवर, अनवाणी. "मनगट!" ते ओरडले. गाडी सुटली. मी मागं बघितलं तर ते रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि उजवा हात वर करून, मोकळा, मनगटातून कसा कलता ठेवायचा ते मला दाखवत होते. असा, असा. गाडी वळणावर जाईपर्यंत दाखवत होते.

शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारा टाटा करतोय. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांना उलट टाटा केला.